जरा चालून दाखव

मला बघायला काष्टी गावचे पाहुणे आले होते, ते सांगितलं का तुम्हाला? आईनं सकाळपासून बजावलं होतं, "पदर दोन्ही खांद्यांवरून घे, पाठीचा बाक दिसायचा न्हाई." पोहे देऊन झाले तशी मुलाची आत्या म्हणाली, "जरा चालून दाखव गं."

चालले की! थेट आतल्या खोलीत गेले, पदर कमरेला खोचला आणि एक्स-रे आणून आत्याच्या हातात दिला. म्हटलं, "माझा कणा वाकडा हाय. शाळेत चार वर्षं पट्टा बांधला, अजून रोज व्यायाम करते. लपवायचं काय त्यात? आता तुमच्या पोराला चालायला सांगा."

आई पांढरीफटक पडली. मुलगा मात्र उठला आणि दारापर्यंत चालून आला.

मग मी होकार दिला.