पायरी, ओटा, बाक

काका : डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘गेल्या’ म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून हा कुत्रा, ढब्ब्या, माझ्या गळ्यात. हिच्याबरोबर निमूट फिरायचा. माझ्याबरोबर निघाला की मध्येच फतकल मारतो. म्हणून हा पट्टा आणलाय. आतून काटे आहेत, ओढला की टोचतात.

ताई : घातलात?

काका : अजून नाही. दुकानदार म्हणाला, आधी कुत्र्यांना शिकवणाऱ्या ताईंना दाखवा. उपयोग होतो ना याचा?

ताई : होतो. खोटं कशाला बोलू? मीच सात वर्षं वापरला.

काका : मग सोडलात का?

ताई : एक कुत्री जिना चढेना. मी ओढून ओढून चढवली. महिन्याने कळलं, तिचा खुबा दुखत होता. चढत मात्र होती हो, शहाण्यासारखी.

काका : मी सुतार माणूस. ठोकल्याशिवाय खिळा जात नाही, एवढंच मला माहीत.

ताई : आणि रंधा मारायच्या आधी लाकडाचे रेषे बघत नाही?

काका : बघतो की. उलटा मारला तर ढलप्या निघतात.

ताई : मग सांगा, ढब्ब्या कुठे कुठे बसतो?

काका : कुठेही.

ताई : कुठेही नसेल. नीट आठवा.

काका : शाळेच्या भिंतीची पायरी. मग बंद लाँड्रीचा ओटा. मग औषधाच्या दुकानासमोरचा बाक. रोज तिथेच, मेला.

ताई : तिन्ही बसायच्या जागा. काकूंना दम लागायचा का?

काका : छे, धडधाकट होती. डॉक्टर म्हणाले खरे, हृदय वर्षभर थकलेलं असणार. पण ती कधी बोलली नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला तास लावायची. मी चिडवायचो, तू कुत्रा फिरवतेस की कुत्रा तुला? तर म्हणायची, मी काय करू, हाच रेंगाळतो.

ताई : हं.

काका : हा नव्हता रेंगाळत.

ताई : मला तरी तसंच वाटतं. पैज नाही लावत. चला, बघू या.

(शाळेच्या भिंतीपाशी. ढब्ब्या बसला आहे.)

काका : बसला बघा. आता?

ताई : आता तुम्ही बसा.

काका : मला कुठे दम लागलाय?

ताई : त्याला काय ठाऊक? बसा तर खरं.

काका : पायावर डोकं टेकवलं यानं.

ताई : टेकवू द्या. … आता उठा. दोरी सैल सोडा.

काका : अरे, उठला की. आपणहून.

ताई : आता ओटा, मग बाक. पुढे हळूहळू एकेक जागा कमी करू.

काका : कमी कशाला करायच्या? हा पट्टा मात्र ठेवा तुमच्याकडे. आज ओट्यापर्यंतच जाऊ.

ताई : आणि बाक?

काका : तिथूनच तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्या बाकावर मी अजून बसलेलो नाही.