दहा खोल्यांचं आईस्क्रीम

...आणि वर ती पोरगी मलाच म्हणते, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, एन्जॉय करा!" टेन्शन नका घेऊ? अगं बाई, चार वर्षांपासून आई आहे मी, टेन्शन घेतलं नाही तर दिवसभर करू काय? गुलाबी एप्रन, गुलाबी टोपी, आणि ते हसू... सकाळी कामावर येताना चिकटवत असेल, संध्याकाळी घरी जाऊन सोलून काढत असेल!

थांबा, नीट सांगते. आमची टिल्ली चार वर्षांची झाली आणि तिनं आईस्क्रीम खाल्लेलं नव्हतं. एकदाही. हसू नका हो! पोरीचा घसा नाजूक, आणि मी पुस्तकं वाचून झालेली आई. प्रत्येक पुस्तकात साखरेवर एक प्रकरण असतं आणि मी ते पेन्सिलनं खुणा करत वाचते. शेवटी डॉक्टरबाईंनीच माझ्यापुढे हात जोडले, "अहो, द्या हो तिला आता, काही होत नाही!" मग मला वाटलं, पहिलंवहिलं आईस्क्रीम, ते असं कुठंतरी उभ्या उभ्या कसं द्यायचं? नवरा म्हणाला, "चमच्यानं दे." त्याला विनोद सुचतात. मी हट्टाला पेटले, त्याच्या फोनवरून तिकिटं काढायला लावली, आणि शहरात ते नवीन आईस्क्रीमचं जग निघालंय ना, दहा खोल्यांचं, तिथं निघाले लेकीला घेऊन. आठवडाभर पोर झोपताना विचारायची, "आई, ते जिभेवर ठेवलं की कुठं जातं?" सांगा, अशा पोरीला काय कमी करायचं?

पहिली खोली. भिंतभर कोन, माझ्या उंचीचे! आता माझी लेक विचारल्याशिवाय कशाला तोंड लावत नाही, ही सवय मीच लावलीय, घसा फोडफोडून. तिनं विचारलं, "आई, हे खायचं?"

"नाही गं राणी, हे खायचं नाही. थर्माकोल आहे."

दुसरी खोली. छतावरून चेरी लोंबतायत, एकेक फुटबॉलएवढी. "आई, हे खायचं?" हे खायचं नाही, रबर आहे. तिसऱ्या खोलीत केकचा सोफा. खायचं नाही, बसायचं. आणि बसायचं तरी कसं? तिथं एक बाई आधीच आडवी पडलेली आणि तिचा नवरा जमिनीवर पालथा होऊन फोटो काढतोय! "हस ना... असं नाही गं, नैसर्गिक हस!" ती नैसर्गिक हसली. "अजून जरा नैसर्गिक!" बारा वेळा नैसर्गिक हसली ती बिचारी, मी मोजलं. मागे मुलं रांगेत उभी, आणि सोफ्यावर हे घोडे!

चौथ्या खोलीत मी त्या गुलाबी पोरीला धरलंच. म्हटलं, "अहो, खायचं आईस्क्रीम कुठंय?" तर मान वाकडी करून म्हणते, "मॅडम, इथं खायचं नसतं, अनुभवायचं असतं!" अनुभवायचं! मी डब्यात भाजीपोळी भरून देते नवऱ्याला, उद्यापासून रिकामा डबा देऊ? अनुभव म्हणून?

पाचवी, सहावी... मी सांगतच नाही, हे खायचं नाही, तेही खायचं नाही. सातव्या खोलीत तलाव. आईस्क्रीमवर भुरभुरवतात ना ते रंगीत दाणे, त्यांचा! प्लास्टिकचे! टिल्ली काठावर उभी, आणि माझ्या डोळ्यांपुढे काय? एक दाणा नाकात, एक कानात, मग रात्री इस्पितळ... पाणी असतं तर निदान पोहायला शिकवलेलं आहे हो! मग मीच उतरले. म्हटलं, आधी किती खोल आहे ते बघू. बुडाले कमरेपर्यंत, निघता येईना! टिल्ली वरून ओरडतेय, "आई, तोंड मिट! हे खायचं नाही!" पोरीला वळण लागलं होतं बघा एव्हाना.

आणि दहावी खोली. खिडकी. खिडकीतून खरा, गार, पांढराशुभ्र कोन! फक्त मुलांच्या तिकिटावर हं. मोठ्यांच्या तिकिटावर नुसता अनुभव. मी गुडघ्यांवर बसले, म्हटलं, "घे राणी."

टिल्लीनं कोनाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "हे खायचं नाही. प्लास्टिक आहे."

"नाही गं, हे खायचं आहे! हे खरं आहे!"

"तू नाही म्हणालीस." दोन्ही हात मागे. नऊ खोल्या मी जे शिकवलं ते पोरीनं पाठ केलं होतं, आणि दहाव्या खोलीत मी फिरवाफिरव करतेय! मग मी काय करणार? खाऊन दाखवलं. "बघ, आई खाते, हम्म्..." तर ही किंचाळली, "आई! थुंक ते!" अगदी माझ्या आवाजात. मी परत चाटलं. कोन लागला गळायला, मागून लोक म्हणतायत, "ओ ताई, सरका ना पुढं," मी म्हणतेय, "बघ, काही झालं आईला?" आणि खरं सांगू? तिच्यादेखत कसं खायचं म्हणून चार वर्षं मीही खाल्लं नव्हतं हो... जिभेवर ठेवलं आणि... कुठं गेलं मला कळलंच नाही. भानावर आले तेव्हा हातात नुसता कोनाचा कागद होता.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मग, कसं होतं आईस्क्रीम?" टिल्ली म्हणाली, "आईला विचार. तिनं संपवलं." सासूबाईंचा फोन, "अगं, लेकराचं पहिलं आईस्क्रीम... आणि तू?..." आणि टिल्ली? अजूनही कुणी आईस्क्रीम पुढं केलं की आधी नखानं टकटक करून बघते.

बरं, त्या खिडकीवर एक कॅमेरा होता म्हणे, आपोआप फोटो काढून, ज्यानं तिकीट काढलं त्याच्या फोनवर पाठवणारा. म्हणजे नवऱ्याच्या. शेजारी लेक हवालदिल उभी, आणि मी डोळे मिटून, नाकाला आईस्क्रीम लागलेलं, चेहऱ्यावर एवढं सुख... नवऱ्यानं मोठा करून भिंतीवर लावलाय. दोनदा काढून ठेवायला गेले. काय करू, लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये माझा एवढा चांगला फोटो नाही हो!