गिअरबॉक्स वरच्या फळीवर

...नाही, पण मी म्हणतो, वर्कशॉपच्या जुन्या मिस्त्रींनी आधी बोलायचं ना! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं लांब राहून शिकलो, परत आलो ते ठरवूनच, की काकांच्या ट्रॅक्टर वर्कशॉपचा कायापालट करायचा! अहो, गिअरबॉक्स दारात, फ्लायव्हील खांबाला टेकून, चाकांना लावायची लोखंडी वजनं वाटेत... ही काय पद्धत झाली? भिंतीएवढं रॅक आणलं, प्रत्येक पार्टला नंबर दिला, आणि नंबराप्रमाणे वरून खाली लावायचं ठरवलं. एक नंबर कुणाचा? गिअरबॉक्सचा! तीन माणसांच्या वजनाचं धूड! मिस्त्रींनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "वरच?" मी म्हटलं, "वरच!" "बरं." बरं?? अहो, बोलायचं ना माणसानं!

चार गडी, चेनपुली, निम्मी सकाळ... चढला एकदाचा. काकू दारातून म्हणते, "आणि खाली घ्यायला कोण येणार रे, तुझे प्रोफेसर?" हसा, तुम्हीही हसा!

दुसऱ्याच दिवशी शेजारचे आजोबा ट्रॅक्टर घेऊन हजर. पेरणी तोंडावर, आणि हवं काय? गिअरबॉक्सच! मी उत्साहानं रॅकखाली, पुलीचा हूक अडकवायला... रॅकचा पाय वाकला, कुर्रर्र झालं, आणि मी? वर बघत उभा! मिस्त्रींनी कॉलर धरून असं खेचलं, की बटणं एकीकडे, मी दुसरीकडे, आणि मी उभा होतो तिथं गिअरबॉक्स! फरशीत चार बोटं खड्डा, गिअरबॉक्स मात्र नशिबानं धड!

रागावले? छे! खाली तीन पाइप सरकवले आणि ते धूड एकट्यानं, हातगाडी ढकलावी तसं, दारातल्या जुन्या जागी नेलं. तिथून सरळ ट्रॅक्टरखाली! उगाच नव्हतं हो ते दारात. आजोबा तिसऱ्या दिवशी पेरायला गेलेसुद्धा.

मला तर रडूच आलं. म्हटलं, "मिस्त्री, जीव वाचवलात माझा... पण आधी का नाही बोललात?"

"विचारलं होतं की. 'वरच?' म्हणून."



मग त्यांनी खडू घेतला, फरशीवर एकेका जड पार्टची जागा आखली. कोपऱ्यात एक चौकोन मोकळा. म्हटलं, "इथं काय?"

"इथं तुम्ही. सामान हलेल तेव्हा."

आणि तुम्हाला सांगतो, बसतो हो मी! काकू चहासुद्धा तिथंच आणून देते. मुकाट्यानं पितो, दोन्ही पाय रेषेच्या आत घेऊन... आहेत ना दोन्ही!