रोजचं चाक

इटलीतल्या मोदेनात जुन्या मोटारसायकलींची तपासणी चालली होती; सगळे भाग मूळचे असतील त्यांनाच शहरात फिरायचा परवाना मिळणार होता. टेबलाशी तपासनीस फाउस्तो आणि म्हाताऱ्या इल्देबाई बोलत होते. मागे रांगेत नेव्हियो ऐकत होता.

“सिन्योरा, पुढच्या चाकातला ब्रेक मूळचा नाही.”

“मूळच्या ब्रेकनं माझा नवरा घाटात थांबला नाही. खांदा तूच दिलास.”

“मग कुणाचं तरी जुनं चाक आजच्यापुरतं लावा. सगळे तेच करतात. उद्या काढा.”

“मी याच चाकावर फिरते. तपासायचं तर हेच तपास.”

“नापास झालात तर गाडी शहरात आणता येणार नाही.”

“शहराबाहेरून फिरेन. लिही.”

“लिहिलं. नेव्हियो, ये. वा, तुझं चाक अगदी मूळचं.”

“दहा मिनिटं थांब. माझं रोजचं चाक व्हॅनमध्ये आहे, ते लावून आणतो.”