गुणगौरवाच्या दिवशी नळ आले

...अन् वरून मलाच विचारतात, "सर, ही तारीख काढली कुणी?" मी काढली. दुसरं कोण काढणार? तुम्हाला सांगतो, लग्नाचा मुहूर्त काढणारा भटजी सुखी. त्याचं चुकलं तर पोरंबाळं झाल्यावर कळतं, तोवर दक्षिणा पचलेली असती. माझं चुकलेलं कळलं दीपप्रज्वलन झाल्यावर, स्वागतगीताच्या दुसऱ्या कडव्याला.

आता तुम्ही म्हणाल, शाळेच्या गुणगौरवाला मुहूर्त कशाला लागतो? तुम्ही बाहेरगावचे दिसता. आपल्या शहरात पंचांगं दोन. एक भिंतीवरचं, ते बघून सण करायचे. दुसरं नळाचं, ते बघून बाकी सगळं करायचं. त्यात ते दुष्काळाचं साल. जायकवाडीच्या तळाला भेगा, अन् इकडं शहर आपलं रोज पसरतंय. आमची जिल्हा परिषदेची शाळा पूर्वी गावात होती, आता ती न हलता शहरात आली. चहूकडं प्लॉट पडले, रो-हाऊस झाले, नळाच्या जोडण्या झाल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. ज्या गल्लीत नळ येणार त्या दिवशी त्या गल्लीत बारसं नाय, साखरपुडा नाय, कुणी आजारी बी पडत नाय. एक माणूस घरी पाहिजे म्हणजे पाहिजे. कारण नळाचा काही नेम नाही.

तर मी काय केलं? पाहुण्यांची यादी घेतली अन् प्रत्येकाच्या भागात नळ कधी येतात ते काढलं. शाळा समितीचे अध्यक्ष नानासाहेब गुलमंडीचे. शिक्षण खात्याचे साहेब सिडकोत. त्यांचा ड्रायव्हर शहागंजचा. पेटीवाल्या बाई, तबल्याचा पोरगा, पालक, शिक्षक, सगळ्यांचं बघितलं. व्हॉल्व सोडणारे लाइनमन असतात ना, त्यांच्याकडं जाऊन बसलो, चहा पाजला. शहागंजचा मुनीब लाइनमन म्हणाला, "सर, गुरुवार खाली है. गुरुवार को किसी के नल नहीं." अख्ख्या आठवड्यात कुणाचेच नळ नाहीत असा एकच दिवस, अन् तो मी शोधून काढला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका लीलाबाई, त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

पण एवढी यातायात कशासाठी, ते तर ऐका. आमच्या शाळेचं नाव आहे बरं का. कबड्डीच्या पोरी विभागावर खेळून आल्या, शिष्यवृत्तीत पोरं आली, शिवणकामाच्या वर्गानं अख्ख्या शाळेचे गणवेश शिवले. शर्टाचं एक बटण वर एक खाली आहे, पण शिवले. अन् एक वर्ग माझ्या गळ्यात, नळकामाचा. मी मराठीचा शिक्षक. कुठल्याशा प्रशिक्षणाला कुणीच जाईना म्हणून मला पाठवलं. चार दिवस पाइपकडं बघून आलो अन् झालो नळकाम प्रमुख. पोरं सगळी कॉम्प्युटरकडं पळाली, माझ्या वाट्याला पोरी आल्या. अन् पोरींनी नाव काढलं हो, खोटं कशाला बोलू.

पाणी नाही अन् नळकाम शिकवायचं. कसं शिकवणार? हवेवर शिकवलं! पाइप जोडायचा, एका टोकाला सायकलचा पंप लावायचा, सांध्याला साबणाचा फेस फासायचा. फेसाला फुगा आला की सांधा गळतोय. वर्षभर आमचं असं फुसफुस चाललेलं. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी विचारायचे, "काय सर, तुमच्याकडं पंक्चर बी काढतात का?" काढतो म्हणायचो.

या वर्गात पोरगी होती निलोफर. नववीत. सिल्लोडहून आलेलं घर, बाप शौकत टँकर चालवतो. पोरीचा हात असा की सांध्याला फुगा येणारच नाही. पण आई जाहेदाभाभी शाळेत यायची अन् दारातूनच मला धरायची. "मास्टर, ये कायकी पढाई? बच्ची पढ रही के नल ठोक रही?" गणितात पोरगी गटांगळ्या खात होती, पण या एका विषयाच्या जोरावर निभत होतं. अन् नेमकं त्याच वर्षी वरून पत्र आलं, पाणीटंचाईमुळं नळकामाचे वर्ग चालू ठेवायचे का नाही ते प्रत्यक्ष काम पाहून ठरवण्यात येईल. म्हणजे पाणी नाही म्हणून नळकाम बंद. उद्या धान्य महाग झालं म्हणून स्वयंपाक शिकवायचा बंद करतील. निलोफरनं ते ऐकलं. मला म्हणाली, "सर, वर्ग बंद झाला तर माझी शाळा बी बंद. अम्मी सिल्लोडला खालाकडं, मावशीकडं धाडणार, तिथं घरकाम करायचं." एवढंच बोलली अन् हातातला नळाचा पाना पुसत बसली. रडली असती तरी बरं वाटलं असतं मला.

मग मी हट्टालाच पेटलो. पोरींनी अंगणात हात धुवायची लाइन टाकली, भिंतीला ओळीनं तोट्या, वर टाकी. शौकतभाईनं मिनतवारीनं थोडं पाणी आणून टाकीत सोडलं. ठरलं असं, की गुणगौरव झाला की साहेबांच्या हस्ते तोटी उघडायची, साहेब हात धुणार, फोटो निघणार, वर्ग वाचणार. फक्त साहेबांनी शेवटपर्यंत बसायचं. त्यासाठी त्यांचे नळ त्या दिवशी यायला नकोत. त्यासाठी गुरुवार.

बायकोला म्हटलं, तू बी चल. माझं कौतुक होणार आहे, कुणीतरी घरचं बघायला पाहिजे का नको? भानुमती म्हणाली, "मी थांबते घरी. नळाचा काही नेम नाही." म्हटलं, अगं मी अख्ख्या शहराचा नेम काढलाय, आपले नळ शुक्रवारी. ती गप्प बसली. बावीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसली अन् मी जिंकलो असं एकदाही झालं नाही, तरी मी खुशीत.

झालं काय, तुम्हाला सांगतो, बुधवारी मोठी पाइपलाइन फुटली. बुधवारचे नळ सरकले गुरुवारवर. गुरुवारी ज्यांचे नव्हते त्यांचे बी सोडले, का तर फुटलेली जोडली अन् पाणी जोरात आलं. म्हणजे ज्या दिवशी कुणाचेच नळ नाहीत असा दिवस मी काढला, त्याच दिवशी अख्ख्या शहराचे नळ!

आम्हाला कुठं ठाऊक? मी माइकवर उभा. "सर्वांनी आपापले मोबाइल बंद ठेवावेत ही नम्र विनंती." अन् सगळ्यांच्या समोर मी माझा मूक करून खिशात घातला. त्या अख्ख्या मंडपात माझी विनंती मानणारा एकटा मीच निघालो.

पहिला फोन नानासाहेबांचा. व्यासपीठावर बसून तोंडावर हात धरून, "हां... आले? जोर आहे का? मोटर लाव, मोटर लाव, मी आलो." उठले. माझ्या कानात म्हणाले, "सर, जरा जाऊन येतो." नळ आल्यावर जरा जाऊन आलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी नाही. मग पालकांत एक फोन, दोन फोन, मग नुसती वाजंत्री. "आपले आले का?" "तुमचे आले मग आमचे बी आले असतील." शिष्यवृत्तीवाल्या पोराची आई सरळ व्यासपीठावर चढली, टेबलावरच्या ढिगातून आपल्या पोराचं प्रमाणपत्र शोधलं, स्वतःच त्याच्या हातात दिलं, स्वतःच टाळ्या वाजवल्या अन् त्याला ओढत घेऊन गेली. पेटीवाल्या बाई स्वागतगीत अर्धं ठेवून गेल्या, तबलजी मात्र बिचारा थोडा वेळ एकटाच वाजवत होता, मग त्यालाही फोन आला. भानुमती पहिल्या रांगेतून मला खुणावतीय, आपले? आपले? मी खिशातून मोबाइल अर्धा काढून दाखवला, वाजत नाही बघ. आता मूक केलेला मोबाइल वाजणार कसा, हे मला मराठीच्या शिक्षकाला सुचलं नाही.

राहिलं कोण? साहेब, मोठ्या बाई, मी, भानुमती अन् तोट्यांजवळ पान्यांची पिशवी घेऊन उभी निलोफर. म्हटलं चला, साहेब आहेत ना, बाकीचे गेले तर गेले. "साहेब, या, तोटी उघडायची..." साहेब उठले. दोन पावलं टाकली. फोन वाजला.

मला इथवर आवाज आला हो, साहेबांच्या मॅडमचा. "नळ आलेत, हौद भरला, तोटी बंद करायला गेले तर तोटीच हातात आली! अंगठा लावून उभी आहे मी!" बरोबर आहे. आपल्याकडं तोटी कुणी बंद करतं का? उघडीच ठेवायची, पाणी आलं की फुरफुर वाजलं पाहिजे. वर्षानुवर्षं न फिरवलेली तोटी एकदम फिरवली की ती येणारच हातात. साहेब ओरडले, "ड्रायव्हर!" ड्रायव्हर शहागंजला. त्याचे बी आले होते ना.

शेवटी माझ्या स्कूटरवर साहेब, मोठ्या बाईंच्या गाडीवर तोटी बसवायला निलोफर. भानुमतीला म्हटलं, तू रिक्षानं ये. तिनं माझ्याकडं असं बघितलं... राहू द्या. नळाच्या दिवशी रिक्षावाला बी घरीच असतो.

सिडकोत पोचलो तर अंगणात तळं. साहेबांच्या मॅडम भिंतीशी वाकून, पाइपाच्या तोंडावर अंगठा, साडी चिंब, केस तोंडावर. साहेबांना बघून म्हणाल्या, "आधी मेन व्हॉल्व बंद करा." साहेब म्हणाले, "तो कुठंय?" मॅडमचा अंगठा रागानं हलला अन् साहेबांची आंघोळ झाली. दुष्काळात आंघोळ, नशीब लागतं.

निलोफर पुढं झाली अन् थांबली. पाइपाकडं बघत मला हळूच म्हणाली, "सर, याच्यात तर पाणी आहे." म्हटलं, व्हय पोरी, नळात कधीकधी असतं. वर्षभर हवेवर शिकलेली पोरगी, जोराचं पाणी पाइपात पहिल्यांदा बघत होती. पहिल्यांदा तोटी लावायला गेली, ती सुटून थेट माझ्या चष्म्यावर. मग गेटाबाहेर गेली, पोत्याखालचा व्हॉल्व शोधला, बंद केला. तोटीच्या आट्यांना टेप गुंडाळली, तोटी बसवली. शाळेच्या लाइनसाठी आणलेली जादाची तोटी होती ती. व्हॉल्व उघडला. सांध्यातून थेंब नाही! तरी पोरीनं मॅडमकडं साबण मागितला, फेस केला, सांध्याला फासला अन् वाकून बघत बसली. सवय. फुगा आला नाही.

मॅडम पदर पिळत म्हणाल्या, "हाच का तो वर्ग, तुम्ही बंद करणार म्हणत होता तो?"

साहेब म्हणाले, "विचार चालू होता."

"आता नाही ना चालू?"

"नाही," साहेब म्हणाले.

वाचला वर्ग. तीन वर्षांची मंजुरी आली. हात धुवायच्या तोट्या कुणी उघडल्या नाहीत, फोटो निघाला नाही, पण निलोफर दहावीत गेली. जाहेदाभाभी परवा भेटली, म्हणती, "मास्टर, हमारे घर का नल भी टपकता, मगर ये बोलती, साहब के घर से फुरसत मिली तो देखती." बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. लई बरं वाटलं.

त्या दिवशी घरी आलो तर भानुमती दारात बसलेली. चालत आली होती. मी मोबाइल काढला, शेजारच्या पुंडलिकरावांचे फोनच फोन. आमचे बी नळ आले होते अन् गेले होते. तोटी उघडीच, तिला लावलेली नळी अंगणात, गेटाला कुलूप. पाणी वाया जाऊ नये म्हणून पुंडलिकरावांनी गजांतून हात घालून नळी बाहेर ओढली अन् गल्लीतले सगळे ड्रम भरून घेतले. सगळे म्हणजे, आमचे सोडून. आमचे आत होते ना. नळाचा काही नेम नाही, एवढं सुद्धा भानुमती नाही म्हणाली.

तेवढ्यात पुंडलिकराव आले कळशी घेऊन. माझ्यासमोर ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "घ्या सर, संकोच करू नका. तुमचंच पाणी आहे."

घेतलं. अन् वर त्यांचे आभार मानले.