चौदावा नियम आणि तीन पायऱ्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई. सहकार कार्यालयातून वेळ काढून आलेले अधिकारी साहेब. उद्यापासून ज्यांची झोप उडणार आहे ते आमचे नवे सेक्रेटरी. उद्यापासून ज्यांना ती लागणार आहे ते आमचे जुने सेक्रेटरी, म्हणजे आजचे सत्कारमूर्ती. आणि समोर बसलेल्या माझ्या शेजारीपाजाऱ्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी शिवणकाम शिकवणारी बाई. वर्गात आवाज चढवायची सवय आहे, भाषणाची नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव बघून दोघातिघांनी मला जिन्यात गाठून विचारलं, सेक्रेटरींबद्दल तुम्ही बोलणार? त्यांची शंका रास्त होती. दोन वर्षांपूर्वी मी या गृहस्थांचं तोंडही बघत नव्हते. समोरासमोर दारं असताना हे फार अवघड काम आहे, करून बघा.

एकोणीस वर्षं त्यांनी ही सोसायटी सांभाळली. पाण्याची टाकी वेळेवर धुतली गेली, लिफ्ट कधी दोन दिवसांच्या वर बंद राहिली नाही. मुलं त्यांना नियमकाका म्हणतात. सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला हे ठाऊक नसेल असं समजून आम्ही इतकी वर्षं काढली. नियमपुस्तिकेत एकतीस नियम, आणि एकतीसच्या एकतीस त्यांना तोंडपाठ. त्यातला चौदावा असा: दाराबाहेर व पायऱ्यांवर कोणतीही वस्तू ठेवू नये, कोणतंही बांधकाम करू नये.

आता माझ्या घरची गोष्ट. आमचे हे पोस्टमन होते. चौतीस वर्षं पायी टपाल वाटलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. चाकांची खुर्ची आली, डाव्या हाताने ती चालवायलाही ते शिकले. पण आमच्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. तळमजल्यावर राहूनही माणूस अडकला. दोघांनी मिळून उचललं तरच बाहेर, आणि कपाटासारखं उचलून न्यायला यांची तयारी नव्हती. आठ महिन्यांत ते दवाखान्याशिवाय कुठेही गेले नाहीत. खिडकीशी बसायचे. नंतर नंतर खिडकीशीही बसेनात, पाठ करून बसायला लागले. तेव्हा मी घाबरले.

पायऱ्यांच्या बाजूने एक उतार बांधू द्या, असा अर्ज मी केला. उत्तर आलं: नियम चौदा. पुन्हा अर्ज, पुन्हा नियम चौदा. तिसरं उत्तर रजिस्टर पोस्टाने आलं. समोरच्या दारातून माझ्या दारात यायला त्या पत्राला चार दिवस लागले, आणि आणून दिलं ते यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोस्टमनने. हे त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले, शिक्का नीट उमटला नाही म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही.

मग मी कंबर कसली. माझ्या भाचीने वकिली केली आहे, तिच्याकडून कायद्याचं पुस्तक आणलं आणि कापड बेतायच्या टेबलावर पसरून वाचायला बसले. अधिकारी साहेब, चुकत असेन तर सांभाळून घ्या. मला कळलं ते एवढंच: सोसायटीला नियम करता येतात, पण ते सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावे लागतात, तुमच्या कार्यालयात नोंदवावे लागतात. आणि असा मंजूर नियमसुद्धा राज्याच्या कायद्याच्या वर नाही. सभासदाला त्याच्याच घरातून जाण्यायेण्यापासून तो अडवू शकत नाही. शिवाय सभेची इतिवृत्तं बघायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. मी चौथा अर्ज केला. नियम चौदा मंजूर केला तो ठराव दाखवा.

यावर सेक्रेटरीसाहेब खूश झाले. खरंच सांगते. इतक्या वर्षांत दप्तर बघायला कोणीच आलं नव्हतं. त्यांनी मला ऑफिसात बसवलं, आधी तपासणीच्या वहीत सही घेतली, पंखा माझ्याकडे वळवला, आणि आम्ही दोघं तीन दुपारी इतिवृत्तं वाचत बसलो. एकमेकांशी न बोलता. तेरा नियमांचे ठराव सापडले, पंधरापासून पुढचेही सापडले. चौदाचा सापडेना. ते पुन्हा पहिल्या वहीपासून सुरू झाले. कपाळावर घाम. तो ठराव सापडला तर मी हरणार होते, तरी मला त्यांची दया यायला लागली.

तिसऱ्या दुपारी जुन्या नोटिशींची फाइल निघाली. त्यात सोळा वर्षांपूर्वीची एक नोटीस, त्यांच्याच सहीची. पहिली ओळ: इमारतीचं रंगकाम सुरू असेपर्यंत. आणि खाली आपला चौदावा नियम, शब्दन् शब्द.

झालं होतं असं की रंगकाम चालू असतानाच नियमपुस्तिका नव्याने टाइप करायला दिली. टायपिस्टला सांगितलं, फलकावर लागलेलं सगळं उतरवून घे. आपल्या काचेच्या फलकाला लाकडी चौकट आहे ना, तिच्याखाली वरची ओळ दडली होती. त्याने दिसलं ते टाइप केलं. साहेबांनी पुस्तिका तपासली, पण टाइपाच्या चुका काढण्यापुरती. रंगारी गेले, परांच्या उतरल्या, आणि आपण सगळे सोळा वर्षं ओला रंग सांभाळत राहिलो.

मला वाटलं होतं, या क्षणी मी त्यांना धारेवर धरीन. वाक्यंसुद्धा तयार होती. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या आईचं दाराबाहेरचं स्टूल मी याच नियमाखाली आत घेतलं होतं."

जिना चढून आल्यावर आजी त्या स्टुलावर दम खात बसायच्या, तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल. तेव्हा ते पलीकडच्या, लिफ्ट नसलेल्या जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचे. स्टूल गेल्यावर आजींनी खाली उतरणंच सोडलं. मुलगा म्हणून त्यांना वाईट वाटलं असणार, पण नियम सगळ्यांना सारखा. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे केला. माझी वाक्यं तशीच राहिली.

नोटीस फाडून टाकली असती तर कोणाला कळलं असतं? माझ्याशिवाय कोणाला नाही, आणि माझं म्हणणं कागदाशिवाय कोण ऐकणार होतं? पण त्यांनी विशेष सभा बोलावली, उभं राहून ती चौकट आणि ती ओळ सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "तुम्ही कधीच मंजूर न केलेला नियम मी तुमच्यावर चालवला. चूक माझी आहे." त्या संध्याकाळी सगळी इमारत हलकी झाली. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर कुंड्या आल्या, चपलांचे स्टँड आले, तिसऱ्या मजल्यावर तर कोणी पोपटाचा पिंजरा टांगला.

उतार बांधायला गवंडी आला तेव्हा साहेब टेप घेऊन हजर. एक इंच चढायला बारा इंच लांबी हवी, असं त्यांनी कुठूनसं वाचून काढलं होतं. गवंड्याचा उतार खडा निघाला, तो त्यांनी फोडून पुन्हा बांधायला लावला. दोन आठवडे लांबलं. त्या वेळी मी नियमांविरुद्ध एक अक्षर बोलले नाही.

ज्या दिवशी सिमेंट सुकलं, त्या दिवशी हे एकटे बाहेर पडले. मला येऊ दिलं नाही. दीड तास झाला तरी पत्ता नाही. मी सुई टाकून धावत गेले, तर महाशय कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी जुन्या सोबत्याबरोबर गप्पा मारत होते. मी तशीच मागे फिरले, स्वयंपाकघरात गेले आणि पोटभर रडले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

साहेब आता लेकीकडे राहायला चालले आहेत. तिथल्या सोसायटीची मला काळजी वाटते, पण ते असो.

बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षाबाईंचे आभार. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता पुष्पगुच्छ. तो आमचे हे देणार आहेत, गुच्छ मांडीवर घेऊन ते मघापासून या मंचाखाली थांबले आहेत. या मंचाला दोन पायऱ्या आहेत. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, तेवढं तुम्हीच खाली या.