खळ्यावरचे सहा

(१९५२ सालचा मार्च. ग्रीसच्या दक्षिण टोकाला, मानी भागातलं एक गाव. सकाळ. म्हातारी लिगेरी ओट्यावर रानभाजी निवडते आहे. समोर आजच विधवा झालेली पोथिती उभी.)

लिगेरी: पुन्हा विचारू नकोस. नाही म्हणजे नाही. तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही, नि मी गाऊ? नवरा तुझा, तूच रड.

पोथिती: मला गाता आलं असतं तर तुझ्या दारात आले असते का, मावशी? पहाटे गेला तो. घर बायकांनी भरलंय, पण एकीचं तोंड उघडत नाही. तू विलाप सुरू केल्याशिवाय कुणी हूं की चूं करणार नाही.

लिगेरी: मग मुकाच जाऊ दे. या गावात भिकाऱ्यालासुद्धा विलापाशिवाय पुरलं नाही. तुझा पानागोस पहिला.

पोथिती: पहिला नव्हे.

लिगेरी: खरंय. पहिले ते सहा. चव्वेचाळीस साली जर्मनांनी त्यांना खळ्यावर गोळ्या घातल्या आणि बंदुका आमच्याकडे वळवल्या. जी हेल काढेल तिलाही झोपवू म्हणाले. माझ्या पोराला, लियासला, मी जीभ चावून मातीत घातलं. माझी पणजी विळा घेऊन तुर्कांवर धावली होती, तिचं गाणं अजून गातात इथं. आणि मी? हुंदका नाही काढला. आठ वर्षं वाट बघतेय. ते सहा लपले होते ती गुहा जर्मनांना कुणी दाखवली, तेवढं कळू दे.

पोथिती: कळलं तर काय करशील?

लिगेरी: विलापात नाव घालीन. गाण्यात गेलेलं नाव नातवंडा-पतवंडांपर्यंत पुसत नाही. पुढचं सहा घरं बघतील. सहाही घरांत बंदुका आहेत.

पोथिती: मग घाल. पानागोसनं दाखवली.

लिगेरी: काय म्हणालीस?

पोथिती: परवा सांगितलं त्यानं. शुद्धीत होता. त्याची जप्त केलेली होडी सोडतो म्हणाले होते जर्मन.

लिगेरी: होडी! तिसऱ्या दिवशी पाण्यात होती ती. याच ओट्यावर मासे घेऊन आला होता गं तो. म्हणाला, खा लिगेरी, दुःखात उपाशी राहू नये. मी तळून खाल्ले ते! सरक. आता येते मी. असं गाईन की पेटीत तोंड फिरवील मेला!

पोथिती: थांब. माझी एक अट आहे.

लिगेरी: अट? तू घालणार?

पोथिती: होडी सांग, मासे सांग, मलाही काय हवं ते म्हण. पण शेवटी एवढं म्हण, की हे वैर त्याच्याबरोबर पुरलं. तुझा शब्द सहा घरं मोडणार नाहीत. माझा थोरला चौदाचा झालाय, मावशी. आपल्याकडे बापाचं रक्त मुलाकडून मागतात.

लिगेरी: माझा लियास बावीसचा होता.

पोथिती: ठाऊक आहे.

लिगेरी: मग कुठल्या तोंडानं मागतेस? पोरं वाचवायला नवरा विकायला निघालीस!

पोथिती: हो, निघाले. आणि मागायचा हक्क आहे मला. सहावा कोण होता?

लिगेरी: ...तुझा स्ट्रातिस.

पोथिती: माझ्या पाठचा. त्याला ज्यानं मारवलं, त्याच्यासाठी मी आठ वर्षं पाव भाजला. आज त्याचे डोळे उघडेच राहिले. मी हात लावला नाही, शेजारणीनं मिटवले. सूड काय एकट्या तुलाच हवाय? पण तो त्याच्यावर घे. पोरांवर नको.

लिगेरी: पाणी ओत. हात धुते.

पोथिती: येतेस?

लिगेरी: ऐक, सुरुवात अशी करते. ‘ऊठ पानागोस, ऊठ, पाहुणे आले, खळ्यावरचे सहा जण दाराशी थांबले.’

पोथिती: आणि शेवट?

लिगेरी: शेवट तू म्हणतेस तसा. पण मनापासून नाही म्हणणार.

पोथिती: मोठ्यानं म्हण, म्हणजे झालं.

लिगेरी: नावं वयानं घेते, मोठ्यापासून. तुझ्या भावाचं शेवटी येईल.

पोथिती: येऊ दे. त्याला अजून एकोणीस पुरी व्हायची होती.